डॉक्टरांनी वापरलेली गाडी

नागपुरात विकायला निघालेली प्रत्येक जुनी मोटार पूर्वाश्रमी एखाद्या डॉक्टरांची असते. यात अतिशयोक्ती नाही. आमच्या साडूंना निवृत्तीनंतर गाडी घ्यायची होती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मानकापूर ते मानेवाडा आणि वाडी ते कळमना असा सगळा मुलूख मी त्यांच्याबरोबर पालथा घातला. ११ गाड्या बघितल्या. त्यांतल्या ७ डॉक्टरांच्या होत्या, २ कुठल्या तरी ‘मॅडम’च्या आणि एक प्राध्यापकांची. अकरावी कोणाची हे विकणाऱ्याला क्षणभर आठवेना. मग तीही डॉक्टरांचीच निघाली. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी रुग्णालयं आणि धंतोली-रामदासपेठेतली दवाखान्यांची दाटी जमेला धरूनसुद्धा या शहरात एवढे डॉक्टर असतील असं मला वाटत नाही. असलेच, तर ते सगळे आपापल्या गाड्या विकून सध्या पायी हिंडत असले पाहिजेत.

आणि डॉक्टर तरी कसे? घरून दवाखान्यात, दवाखान्यातून घरी. काटा ताशी ४० च्या वर गेला की स्वतःचीच नाडी धरून बघणारे. ९ वर्षांत गाडी जेमतेम ३२ हजार किलोमीटर चाललेली. ‘काकाजी, डॉक्टरसाहेबानं लेकरावानी सांभाळली ना गाडी!’ असं विकणारा सांगतो, तेव्हा मग लेकरू विकायला का काढलं, हे विचारायचं नसतं. वर्धा रोडवर रात्री शर्यती लावणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराची गाडी आजवर माझ्या ऐकण्यात विकायला आलेली नाही. त्या गाड्या बहुधा थेट स्वर्गात जात असाव्यात.

मला या थापांचा राग नाही. विकणारा आपला माल चांगलाच म्हणणार. कळमन्याच्या बाजारात कुठल्या संत्रेवाल्यानं ‘माझी संत्री आंबट आहेत’ म्हटलंय? माझा राग आहे तो घेणाऱ्यावर; आपल्या या शिकल्यासवरल्या, हिशेबी, पांढरपेशा वर्गावर. हाच माणूस डझनभर संत्री घेताना प्रत्येक फळ दाबून, हुंगून, देठाकडून निरखून घेतो. मुलीसाठी स्थळ आलं, तर मुलाच्या आत्याचे यजमान कोणत्या साली कोणत्या खात्यातून का निवृत्त झाले, इथपर्यंत चौकशी पोचते. कुकर घेताना गॅरंटी कार्डावर शिक्का मारून मागतो. आणि चार-साडेचार लाखांची गाडी घेताना त्याचे प्रश्न तीनच. ‘रंग ओरिजिनल आहे ना?’ ‘एव्हरेज किती देते?’ आणि ‘शेवटचं काय?’ या तिन्हींची उत्तरं तोंडी मिळतात, गोड मिळतात, आणि मंडळी पेढे घ्यायला निघतात.

कोणी म्हणेल, असं कसं, आम्ही बरोबर माहीतगार माणूस नेतो की! नेता, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक घराण्यात असा एक पारखी असतो. त्याला स्वतःची स्कूटर चालू करायला तीन किका लागतात. पण दुसऱ्याच्या मोटारीपुढे उभा राहिला की त्याच्या अंगात येतं. तो आधी टायरला लाथ मारतो. का मारतो, हे टायरलाही कळत नाही. मग दार दोनदा उघडून आपटतो. बॉनेटवर बोटानं टकटक करतो. गाडी सुरू करायला सांगून, डोळे मिटून, तंबोरा लागला की नाही हे ऐकावं तसं इंजिन ऐकतो आणि ‘मक्खन!’ असा निकाल देतो. साडूंच्या पारख्यानं तर एका गाडीच्या धुराचा वास घेऊन तिच्या पहिल्या मालकाचा स्वभाव सांगितला. हे सारं मनोरंजक असतं, याबद्दल वाद नाही. पण इंजिनाचा आवाज फार झालं तर आजची गोष्ट सांगतो. मला हवी असते ती कालची.

म्हणून माझा हट्ट एवढाच, की या गाडीला आजवर कोणी, केव्हा, काय तपासलं, हे लिहिलेलं बघितल्याशिवाय इसाराची नोटसुद्धा खिशातून बाहेर काढू नये. तोंडी इतिहास पोवाड्यासाठी ठीक आहे. ब्रेकसाठी नाही.

यावर विकणाऱ्यांकडे एक ब्रह्मास्त्र असतं. ते खिशातून मोबाइल काढतात, सरकारी अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकतात आणि पडदा आपल्या नाकासमोर धरतात. ‘हे पाहा काकाजी, गव्हर्मेंटचंच आहे. फिटनेस २०३१ पर्यंत!’ साडूंच्या चेहऱ्यावर लगेच समाधान पसरलं. सरकारनं २०३१ पर्यंत हमी दिली, आता आणखी काय पाहिजे?

ही हमी कसली आहे ते जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे घरगुती मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि ती संपली की गाडी तपासून ५-५ वर्षांनी पुढे वाढवायची. अॅपवर दिसणारी ती २०३१ ची तारीख म्हणजे नोंदणीच्या तारखेत मिळवलेली १५ वर्षं. बेरीज आहे ती, परीक्षा नव्हे. मधल्या १५ वर्षांत गाडीचे ब्रेक लागतात की नाही, स्टिअरिंग ढिलं झालंय का, तळ गंजलाय का, हे सरकारातर्फे कोणी वाकूनसुद्धा बघत नाही. पूर्वी निदान नवी गाडी एकदा आरटीओपुढे नेऊन उभी करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीनं तेही संपलं. त्या राज्यातल्या अधिकृत विक्रेत्यानं विकलेली गाडी पहिल्या नोंदणीसाठी हजर करायची गरज राहिली नाही. म्हणजे गाडी जन्मते तेव्हा सरकार तिला बघत नाही आणि ती पंधरा वर्षांची झाल्यावर विचारतं, ‘काय गं, बरी आहेस ना?’ तरी आपल्याकडे गाडीला ‘नागपूर पासिंग’ म्हणतात. न बसलेल्या परीक्षेत पास झालेली विद्यार्थिनी मी आणखी कुठे पाहिली नाही.

उलट ज्या ऑटोरिक्षाकडे आपण नाक मुरडून बघतो, तिची गोष्ट वेगळी. भाड्यानं चालणारं वाहन म्हटलं की फिटनेस सर्टिफिकेट आलंच. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. गिरीपेठेत आरटीओच्या वाऱ्या करून रिक्षावाला आपलं वाहन पास करून आणतो. ती तपासणी किती कडक होते यावर दोन मतं असतील. पण तारीख पडते, शिक्का पडतो, कुठेतरी लिहून राहतं. डॉक्टरसाहेबांच्या गाडीला तेवढंही नाही. कायद्याच्या दृष्टीनं डॉक्टरांचे ब्रेक जन्मजात सुसंस्कृत असतात.

राहता राहिली पीयूसी. ती मात्र सगळ्यांना आहे. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा, जुन्यांना सहा महिन्यांतून एकदा. पण पीयूसी बघते धूर. गाडी दुसऱ्यांच्या फुफ्फुसांना किती त्रास देते याची ती चौकशी आहे. आत बसलेल्यांच्या हाडांशी तिला कर्तव्य नाही. चारही ब्रेक निकामी असलेली गाडी धूर सभ्य सोडत असेल, तर पीयूसीच्या दरबारात ती आदर्श नागरिक ठरते.

तेव्हा तपासणीचा इतिहास बघायचा म्हटला तर एका जागी तो सापडत नाही, हे कबूल. तो भाऊबंदकीतल्या जमिनीसारखा तुकड्या-तुकड्यांत पडलेला असतो आणि एकेक तुकडा गोळा करावा लागतो. आरसीवर ‘ओनर सीरियल’ म्हणून एक आकडा असतो, आपण मालक कितवे ते सांगणारा. ‘सिंगल हँड’ म्हणून दाखवलेल्या एका गाडीवर तो ४ होता. विचारलं तर विकणारा म्हणाला, ‘चारही जण एकाच घरातले आहेत ना काकाजी.’ त्याच आरसीवर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं असं तोंडानं सांगून भागत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्यावाचून तो बोजा उतरत नाही. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठतो, लहानपणी आपण चार आण्याच्या नाण्याचा उठवत होतो तसा. तो आरसीशी जुळवायला दोन मिनिटं लागतात. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ठसठशीत असली तरी ते रबर आता म्हातारं झालेलं आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून मुंबईकडे पुरा खुला झाला आणि त्यावर मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. नागपूरच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर या वेगात असलं टायर काय करतं, हे टायरला लाथ मारून समजत नाही. काचांच्या कोपऱ्यातही बारीक खुणा असतात. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच दोन वर्षांनी धाकटी असेल, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारावं. उत्तर ‘पोरानं क्रिकेटचा बॉल मारला’ असंच येतं. नागपुरातल्या पोरांची नेमबाजी इतकी चांगली असती, तर विदर्भाचा संघ आणखी किती तरी आधी रणजी करंडक घेऊन आला असता.

पण हे सगळं चिल्लर. नागपुरात जुनी गाडी घेणाऱ्यानं एक प्रश्न मात्र प्रत्येक गाडीला विचारलाच पाहिजे. कोर्टात आरोपीला विचारतात तसा. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री तू कुठे होतीस?

त्या रात्री महालक्ष्म्यांचं जेवण आटोपून, पुरणपोळीच्या सुस्तीत शहर झोपलं होतं. मध्यरात्र उलटली आणि पाऊस सुरू झाला. २३ तारखेच्या पहाटेपर्यंत, चार-एक तासांत, १०० मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओसंडला. जिला आपण वर्षभर नाला म्हणून हिणवतो ती नाग नदी, आपण नदी आहोत हे दाखवायला घरांत शिरली. अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट या सगळ्या भागांत तळमजल्यात पाणी, पलंगावर पाणी. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात एसटीच्या बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं दगावली. त्या रात्रीची चेष्टा करण्याइतका कोडगेपणा माझ्याजवळ नाही. पण त्या रात्री हजारो माणसांच्या बरोबर त्यांच्या मोटारीही बुडाल्या, काही गळ्यापर्यंत, काही टपापर्यंत, आणि त्या मोटारींचं पुढे काय झालं हा माझा विषय आहे.

गाडीचा विमा असला तर रिवाज असा, की दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरायची. कंपनी मालकाला पैसे देते, गाडीचा सांगाडा लिलावात जातो. इथवर सगळं रीतसर आहे. पुढे कोणीतरी तो सांगाडा घेतो, वाळवतो, गादी-गालिचे बदलतो, आत अत्तराची बाटली रिकामी करतो, आणि गाडीचा पुनर्जन्म होतो. माणसाला पुनर्जन्मात मागचं आठवत नाही. हिला आठवतं, पण ती लगेच सांगत नाही. हल्लीच्या गाडीत तारांचं आणि चिपांचं जाळं असतं. गाळाच्या पाण्यानं त्यांचे सांधे आतून हिरवे पडत जातात. सहा महिन्यांनी एक दिवा लागत नाही. वर्षानं काच अर्ध्यावर अडकते. आणि एअरबॅग नावाची पिशवी, जी आयुष्यात एकदाच फुगायची असते, ती त्या एका वेळी फुगेल की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आरसीवर मात्र यातला एकही शब्द उमटत नाही. अॅपवर तिचा फिटनेस २०३१ पर्यंत ठणठणीत.

भंगारातली गाडी दुरुस्त करून विकणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. गरजवंत स्वस्तात घेतील, त्यांची मर्जी. पण ‘ही पाण्यात होती’ हे न सांगता विकणं, ही लबाडी आहे. आणि न विचारता घेणं, याला काय म्हणावं यासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण साडूंच्या घरी हे पुस्तक जाणार आहे.

विचारायचं कसं? तर गाडीलाच. सीटबेल्ट मुळापासून पूर्ण ओढून बाहेर काढावा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या कपातल्यासारखी गाळाची रेघ राहून गेलेली असते, कारण तिथवर धुवायला कोणाचा हात जात नाही. स्टेपनी उचलून तिच्याखाली बघावं. सीटच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघावा. अत्तराचा घमघमाट येत असेल तर अधिकच वाकून बघावं. आणि मग मागावी २०२३ ची आणि २०२४ ची विम्याची पॉलिसी. तिच्यात ‘नो क्लेम बोनस’ म्हणून एक रकाना असतो. दावा न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि दावा केला की धाडकन शून्य होतो. सापशिडीच आहे ती. ४५ वर असलेला मालक पुढच्या वर्षी शून्यावर दिसला, की साप कुठे चावला हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. कधीकधी पॉलिसी वेळेत भरायची राहिली म्हणूनही बोनस जातो. मग तसं सांगावं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तो आपल्याकडे येत नाही, एवढंही लक्षात ठेवावं. तो येतो असं सांगून एका दलालानं साडूंकडून ३ हजार जास्त मागितले होते.

शेवटचा तुकडा म्हणजे सर्व्हिसची नोंद. कंपनीच्या वर्कशॉपात गाडी गेली असेल, तर चेसिस नंबरावर तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते सगळं संगणकात असतं. मालकानं मागितलं तर दाखवतात. मालक मागायला तयार नसेल, तर तिथेच गाडीचा आणि आपला संबंध संपला असं समजावं.

आता खरी अडचण. हे सगळं कळतं पण तोंडातून निघत नाही. का? भीड! समोरचा माणूस ‘आपल्यातला’ असतो. तो आधी पोहे खायला घालतो, वर तर्री वाढतो. ‘आपण घरचेच’ म्हणतो. त्याच्या बहिणीचं सासर आणि आपल्या आईचं माहेर एकाच तालुक्यातलं निघतं. अशा गृहस्थाला ‘गेल्या तीन वर्षांच्या पॉलिस्या दाखवा’ म्हणणं म्हणजे पंगतीत बसून तुपाची शुद्धता विचारण्यासारखं वाटतं. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. पण आजीनं कधी गाडी घेतली नव्हती. मी एका ठिकाणी कागद मागितले तर तो गृहस्थ दुखावून म्हणाला, ‘काहून, माह्यावर भरोसा नाही का?’ मी म्हटलं, ‘भाऊ, तुमच्यावर पुरा आहे. तुमच्या गाडीशी माझी अजून ओळख नाही.’ साडूंनी मला टेबलाखालून चिमटा काढला. कागद आले नाहीत. पोहे मात्र फारच चांगले होते.

आणि गंमत अशी, की कागदांनी विकणाऱ्याचंही भलंच होतं, हे त्याला पटत नाही. गाडी विकून, चाव्या देऊन, पैसे मोजून घेतले म्हणजे सुटलो असं त्याला वाटतं. फॉर्म २९, फॉर्म ३० वर सह्या करून दिल्या, तारीख मात्र कोरी. घेणारा तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि आरटीओच्या दप्तरात मालक अजून पहिलाच. कायदा म्हणतो विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवावं. नाही कळवलं आणि चौथ्यानं कोणाला उडवलं तर? नेमकं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २०१८ साली न्यायालयानं सांगितलं, दप्तरात ज्याचं नाव मालक म्हणून आहे, भरपाईची जबाबदारी त्याचीच. आपल्या भिडस्त मध्यमवर्गीयानं हा निकाल देवघरात लावून ठेवावा.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्यानं जुनी गाडी घेतली तेव्हा मी सवयीनं विचारलं, ‘डॉक्टरची होती का रे?’ तो म्हणाला, ‘कुणाची होती माहीत नाही, पण २०१६ साली तिचे मागचे ब्रेक नापास झाले होते.’ मला वाटलं, याची मालकाशी दाट ओळख असेल. तर नाही. तिकडे १९६० पासून गाड्यांची सक्तीची तपासणी आहे. सुरुवातीला १० वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्यांपुरती होती, आता गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी. ब्रेक, दिवे, टायर, तळ, सगळं. आणि तिचा निकाल सरकार गुपित ठेवत नाही. गाडीचा नंबर टाकला की कोणालाही फुकट दिसतं, कधी पास झाली, कधी नापास झाली, कशात झाली, आणि त्या दिवशी काटा किती मैलांवर होता. जपानात नव्या गाडीला ३ वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी परीक्षा. बेल्जियमनं तर कमाल केली. २००६ पासून तिथे गाडी गॅरेजात गेली की गॅरेजवाल्यानं काट्यावरचा आकडा कळवायचा, आणि विकणाऱ्यानं त्या आकड्यांचा दाखला घेणाऱ्याच्या हातात ठेवायचा. दाखला नाही तर विक्री नाही.

या आकड्याशीच आपलं सगळं घोडं अडलेलं आहे. ययातीला तारुण्य परत मिळवायला पोटच्या पोराची मनधरणी करावी लागली होती. आपल्याकडे एक पोरगा लॅपटॉप घेऊन येतो, डॅशबोर्डाखाली वायर लावतो, आणि १ लाख ४० हजार किलोमीटरची म्हातारी चहा निवायच्या आत ३२ हजारांची होते. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी सोललेली, चालकाची सीट डाव्या कुशीवर बसलेली, आणि काटा म्हणतो डॉक्टरसाहेब फक्त धंतोलीपर्यंत जात होते!

इलाज फार मोठा नाही. १५ वर्षं झोपलेल्या तपासणीला मधेच उठवावं, गाडी विकली की एकदा तरी तिचे ब्रेक बघावेत, हे मागणं आहेच. खात्याचे केंद्रीय मंत्री याच शहरातले खासदार आहेत, त्यांच्या कानावर जायला लांब जायला नको. पण ते होईल तेव्हा होवो. तोवर एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल. पीयूसीला प्रत्येक गाडी दर वर्षी जातेच. तिथे मशीन आहे, संगणक आहे, गाडीचा फोटोसुद्धा काढतात. त्याच वेळी काट्यावरचा आकडा लिहून घ्या. वर्षाला एक आकडा, बस्स! २०१९ ला ६० हजार, २०२१ ला ९० हजार आणि विकताना ३२ हजार असं एका खाली एक दिसलं, की लॅपटॉपवाल्या पोराला दुसरा धंदा शोधावा लागेल. हुशार पोरगा आहे, मिळेल त्याला.

मागच्या महिन्यात माझी गाडी पीयूसीला नेली तेव्हा हातात आलेला कागद मी उलटून-पालटून बघितला. नंबर होता, तारीख होती, धुराचे आकडे होते, गाडीच्या पाठमोऱ्या रूपाचा फोटो होता. किलोमीटर कुठेच नव्हते. मी त्या मुलाला म्हटलं, ‘बाबा, एवढं कर. काट्यावर ८८ हजार ४१२ आहेत, ते या कोपऱ्यात पेनानं लिही आणि सही कर.’ त्यानं माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. पेन काढलं, पण टेकवलं नाही. फार कळवळ्यानं म्हणाला, ‘कायले लिहून मागता काकाजी? उद्या विकाले काढान, तं भाव पडन ना!’